पायाच्या नाडीसाठी सरकारी अनुदान: आमच्या अर्जाची हकीकत

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना मिळणाऱ्या, अनुदानाचा आमचा अर्ज मंजूर झाला, तेव्हापासून ओळखीतले तरुण प्राध्यापक ‘मॅडम, तुमचा फॉर्म पाठवा ना’ म्हणून मागे लागलेत. नुसता फॉर्म पाठवून फारसा उपयोग नाही. त्यात शेवटचा, घासूनपुसून केलेला मजकूर असतो. तो तिथवर कसा पोचला, मध्ये काय काय गळलं, कुठे किती थांबावं लागलं, हे त्यातून कळत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. मी बडोद्यातल्या एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे समाजवैद्यक, शिकवते. सरकारी पैशावर प्रकल्प करण्याची ही पहिलीच वेळ.

विषय आधी सांगते, कारण पुढचे सगळे घोळ त्यातूनच निघाले. हृदयाच्या धमन्यांत जशी चरबी साचते तशीच पायांच्या धमन्यांतही साचते. चालताना पोटऱ्या दुखतात, थांबलं की दुखणं जातं, आणि माणूस वय झालं म्हणून सोडून देतो. मधुमेह असेल तर पुष्कळदा दुखतही नाही. पायाला जखम होते, ती भरत नाही, मग पेशंट येतो. शिवाय ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद, त्याला हार्ट अटॅकचा आणि स्ट्रोकचा धोकाही जास्त. तपासणी अगदी साधी. पेशंटला पाच-दहा मिनिटं आडवं झोपवायचं, छोट्या डॉप्लरने (ध्वनिलहरींनी नाडी टिपणाऱ्या यंत्राने) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. भागाकार ०.९० किंवा त्याहून कमी आला तर धमनी अरुंद आहे असं धरतात. याला एबीआय म्हणतात. इतकी स्वस्त तपासणी असूनही उपकेंद्रांवर ती कुणी करत नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत देशातल्या मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी आहे. त्यांतले आमच्या पादरा आणि डभोई तालुक्यांत जे आहेत, त्यांच्यापैकी किती जणांच्या पायांत हा आजार गुपचूप बसलाय, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

पाडव्याच्या सुमारास हे ठरलं. दोन पानी टिपण लिहिलं आणि आमच्या बायोस्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे घेऊन गेले. मला वाटलं होतं, सर ‘पी व्हॅल्यू’बद्दल बोलतील. त्यांनी टिपण उलटं ठेवलं आणि विचारलं, “मॅडम, आधी मला सांगा, एका दिवसात किती पाय बघणार?”

मला उत्तर देता आलं नाही. सर म्हणाले, मग सँपल साइज, म्हणजे किती माणसं तपासायची ते, नंतर काढू. आज वाटतं, अख्खा अर्ज याच एका प्रश्नाभोवती फिरला.

विभागात बसून आधी एकमेकांचेच पाय तपासले. प्रश्नावली, विश्रांती, दोन्ही हातांचा आणि दोन्ही पायांचा दाब, रक्ताचा नमुना, असं सगळं धरून एका माणसाला पाऊण तास लागत होता. दोघांची टीम दिवसाला दहा जण करेल, त्याहून जास्त नाही. मग सरांनी आकडेमोड केली. आजाराचं प्रमाण १० टक्के धरलं, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची चूक चालेल असं ठरवलं. ४ गुणिले १० गुणिले ९०, भागिले २ चा वर्ग: ९००. गावं गटाने निवडणार म्हणून दीडपट: १,३५०. दहा टक्के लोक येणारच नाहीत असं धरून १,५००. म्हणजे फील्डचे दीडशे दिवस. आठवड्याला चार दिवस धरले तर कागदावर नऊ-दहा महिन्यांत काम आटोपतं.

पण बडोदा जिल्ह्यात नऊ-दहा महिने असे सलग मिळत नाहीत. पावसाळ्यात खेड्यातले रस्ते कधी बंद होतील ते सांगता येत नाही. नवरात्रात रात्रभर गरबा खेळलेलं गाव सकाळी आठला शिबिराला येत नाही. कापूस वेचणीला सुरुवात झाली की बायका शेतात. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस तर माणूस गच्चीवरून खाली उतरत नाही. हे सगळं मी कॅलेंडरवर पेन्सिलीने खोडत गेले आणि फील्डचं काम सोळा महिन्यांवर गेलं. वेळापत्रकाच्या तक्त्यात आम्ही ही कारणं एकेका ओळीत लिहून टाकली. पुढे समितीपुढे सादरीकरण झालं तेव्हा त्या तक्त्यावर एकही शंका निघाली नाही. तक्ता भरताना नवरात्र विसरू नका, एवढं सांगते.

आता कॉलेजची कागदपत्रं. सरकारी कॉलेजातल्या मंडळींनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. खासगी किंवा ट्रस्टची संस्था असेल तर केंद्राच्या डीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) संशोधन संस्था म्हणून मान्यता लागते, तिला बोलीत ‘सायरो’ म्हणतात. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा ट्रस्टचा नंबर लागतो, आणि पैसे यायचे तर पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या प्रणालीमध्ये संस्थेची नोंद लागते. आमची सायरोची मुदत ३१ मार्चला संपली होती आणि नूतनीकरणाची फाइल ट्रस्टच्या ऑफिसात सहीसाठी पडून होती. कुणाच्या टेबलावर, ते शोधण्यात वैशाख गेला. विषय सुचण्याआधी, जाहिरात निघण्याच्याही आधी, आपल्या संस्थेच्या या तीन कागदांच्या तारखा बघून ठेवा. विज्ञान रात्री जागून लिहिता येतं, ट्रस्टींची सही रात्री मिळत नाही.

मधुमेहींच्या याद्या आरोग्य केंद्रांवर असतात, त्यामुळे जिल्हा पंचायतीतल्या मुख्य जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी हवी होती. ती अपेक्षेपेक्षा सहज मिळाली. एक पानी गुजराती पत्र नेलं होतं. त्यात आम्ही काय मागतोय यापेक्षा केंद्राला काय देणार, ते वर लिहिलं होतं: नर्सना एबीआयचं प्रशिक्षण आणि ज्यांच्यात दोष सापडेल त्यांची नावं केंद्राकडे परत. पत्र तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही वेगळं द्या, नाहीतर वरून होकार आणि खालून ‘आम्हाला माहीत नाही’ असं होतं.

एथिक्स कमिटीची बैठक १२ जुलैला होती. कागद त्याच्या तीन आठवडे आधी द्यायचे होते: प्रोटोकॉल, संमतिपत्र, माहितीपत्रक गुजरातीत, हिंदीत आणि मराठीतही, कारण पादऱ्याकडे नाही तरी आमचा पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी फेरी, शहरात दांडिया बाजाराच्या बाजूला होणार होता. भाषांतर एकाने करायचं आणि मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, तसं प्रमाणपत्रही जोडायचं. कॉलेजची फी प्रकल्प अनुदानाचा असल्यामुळे माफ झाली. भाषांतराचे आणि झेरॉक्सचे मिळून सात हजारांच्या आसपास मी खिशातून भरले. हा खर्च मंजुरीच्या आधीचा, त्यामुळे तो प्रकल्पात मागता येत नाही.

कमिटीत डॉक्टर असतात, वकील असतात, आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. डॉक्टरांनी एबीआयबद्दल विचारलं, त्याची तयारी होती. मग त्या बिगर-डॉक्टर बाईंनी शांतपणे विचारलं, “रक्त उपाशीपोटी घेणार ना? मग मजुरीला जाणारी बाई दहा वाजेपर्यंत उपाशी बसेल? मधुमेहाची गोळी घेतलेली असली तर?” खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. आम्ही उपाशीपोटीची साखर आणि लिपिड लिहिलं होतं, कारण सगळे तेच लिहितात.

परत आल्यावर सरांशी बोलले. उपाशीपोटीची साखर काढून एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ठेवायची ठरली, त्याला उपाशी राहावं लागत नाही. लिपिडही (रक्तातली चरबी) जेवल्यानंतर घेतलेलं चालेल असं लिहिलं. अभ्यास सुधारला, पण एचबीएवनसी महाग. लॅबकडून दर मागवला तो दोन्ही मिळून माणशी ६०० रुपये आला. १,५०० माणसांचे नऊ लाख. बजेटचा कागद पुन्हा पहिल्यापासून.

कमिटीची दुसरी अट होती: ज्यांच्यात आजार सापडेल त्यांचं पुढे काय? ‘रेफर करू’ एवढं लिहून चालणार नव्हतं. कुठल्या ओपीडीत, कोणत्या दिवशी, खर्च कोणाचा? व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनचं लेखी संमतिपत्र आणून जोडलं तेव्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मंजुरीचं पत्र हातात आलं. एथिक्सचं हे मंजुरीपत्र आमच्याकडे अर्जाच्या वेळीच होतं. तुमच्याकडे नसेल तरी निधी सुटण्याआधी ते लागतंच, तेव्हा बैठकांच्या तारखा आधी विचारून ठेवा.

बजेट हा ज्यांना कंटाळवाणा भाग वाटतो त्यांनी तोच सगळ्यात आधी लिहावा, असं माझं मत झालंय. माणसांचे पगार आपण ठरवायचे नसतात, आयसीएमआरचे दर ठरलेले आहेत. आम्हाला प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३ या पदावरची दोन माणसं हवी होती: महिना २८,००० आणि वर घरभाडं. केंद्राच्या यादीत बडोदा ‘वाय’ वर्गातलं शहर, म्हणजे घरभाडं २० टक्के, ५,६००. एका माणसाचे ३३,६००. दोन माणसं, चोवीस महिने: १६,१२,८००. मुख्य संशोधकाला मानधन नाही. हे घरी सांगितल्यावर सासरे म्हणाले, “एकतीस लाख येणार आणि तुला एक रुपया नाही? मग एवढी रात्र-रात्र जागतेस कशाला?” सासरे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना हे आजही पटलेलं नाही.

एकूण मागणी एकतीस लाखांच्या आसपास गेली. पगार, लॅब, दोन डॉप्लर, प्रवास, किरकोळ खर्च, संस्थेचा ओव्हरहेड. प्रत्येक रकमेपुढे कारण लिहायचं असतं. ‘प्रवास: अडीच लाख’ हे कारण नाही. भाड्याची गाडी दिवसाला किती, कॉलेजपासून पादऱ्यातलं सगळ्यात लांबचं उपकेंद्र किती किलोमीटर, दिवस दीडशे, असा गुणाकार हवा. उपकरणांची तीन कोटेशन घ्यायची, त्यांवर तारीख आणि जीएसटी वेगळा दाखवलेला असावा. आमच्या अकाउंट्सच्या भाईंना पहिल्याच दिवशी सोबत घेतलं ते फार बरं झालं. ते प्रत्येक ओळीवर पेन ठेवून विचारायचे, “बेन, आ पैसा कया हेडमां नाखुं?” म्हणजे हे पैसे खर्चाच्या कुठल्या सदरात टाकू? ज्या ओळीला हेड सापडत नव्हता तिथे खरं तर आमचंच ठरलेलं नसायचं. किरकोळमध्ये ‘शिबिर खर्च’ म्हणून वीस हजार होते. भाईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यात डॉप्लरचं जेल, कागदी चादरी, पाणी आणि चहा-बिस्किटं आहेत. पहिल्या दोन गोष्टी साहित्यात गेल्या, चहा-बिस्किटं सहभागींच्या खर्चात.

ऑनलाइन फॉर्म भरताना शब्दमर्यादा फार आड येते. प्रत्येक रकान्याचा मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये शब्द मोजून लिहा आणि मग चिकटवा. एक गोष्ट तपासून बघा: उद्दिष्टं तीन असतील तर पद्धतीत तिन्हींची उत्तरं हवीत आणि बजेटमध्ये तिन्हींचा खर्च हवा. आमचं चौथं उद्दिष्ट होतं, धमनीच्या भिंतीचा ताठपणा मोजण्याचं. भारदस्त दिसत होतं. पण त्याचं मशीन बजेटात नव्हतं, ते वापरणारं माणूस नव्हतं आणि दिवसाला दहा जण या हिशेबात त्याला मिनिटंही नव्हती. सरांनी काही न बोलता त्यावर काट मारली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. अर्ज शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी भरला. गणपती दुसऱ्या दिवशी बसले.

मग नुसतं थांबणं. पोर्टलवर ‘सबमिटेड’ हा शब्द दिवाळीपर्यंत तसाच. या काळात मी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीचा, मसुदा भरून ठेवला. ही नोंदणी फुकट असते, आणि २०१८ च्या एप्रिलपासून पहिला पेशंट घेण्याआधीच ती झालेली असावी लागते. निरीक्षणात्मक अभ्यासही तिथे नोंदवता येतात. त्यांच्याकडून शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पायलटही याच काळात आवरला.

जानेवारीत, उत्तरायणाची सुट्टी संपता संपता, परीक्षकांचे अभिप्राय आले. दोन मामुली होते. तिसरा बरोबर वर्मावर. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, ती रक्तदाबाच्या कफने (दाबपट्ट्याने) दाबली जात नाही, त्यामुळे घोट्याचा दाब खोटाच जास्त येतो. एबीआय १.४० च्या वर गेला तर तो माणूस निरोगी मोजणार का? तुमचे सगळेच सहभागी मधुमेही आहेत, मग हे लोक थोडे नसतील.

आमच्या प्रोटोकॉलमध्ये ‘१.४० च्या वरचे वगळू’ अशी ओळ होती. ती पाठ्यपुस्तकाप्रमाणे चूक नव्हती, पण ज्यांना शोधायला निघालो त्यांतलेच काही त्यामुळे सुटणार होते. पायाच्या अंगठ्यातल्या बारीक धमन्यांत कॅल्शियम सहसा साचत नाही, म्हणून तिथला दाब मोजतात. अंगठा आणि दंड यांचं गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी आलं तर दोष. त्यासाठी अंगठ्याचा छोटा कफ आणि प्रकाशाने नाडी टिपणारा सेन्सर लागतो. सगळ्यांचं नाही, १.४० च्या वरच्यांचंच करू, असं ठरवलं. पायलटमध्ये असे लोक निघाले होते, त्यावरून किती वेळ वाढेल ते सांगता आलं. बजेट न वाढवता सेन्सर बसवायचा तर काहीतरी काढणं भाग होतं, आम्ही दुसरा डॉप्लर काढला. उत्तर दीड पानाचं दिलं. अभिप्रायांना उत्तर देताना प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवायचा, खाली आपलं उत्तर आणि बदललेल्या ओळीचा पान क्रमांक. वाद घालावासा वाटला तर एक रात्र जाऊ द्यायची.

फेब्रुवारीच्या शेवटी समितीपुढे ऑनलाइन सादरीकरण झालं. दहा मिनिटं मिळाली. मी आठ स्लाइड केल्या होत्या, त्यांतल्या दोन नुसत्या कामाच्या दिवसाच्या: सकाळी सातला गाडी निघते तिथपासून नमुने बर्फात ठेवून लॅबला पोचेपर्यंत. पहिलाच प्रश्न आला, दिवसाला दहा कसे काय? पाऊण तास माणशी, मग दोघांत दहा जमतात का? जमतात, कारण एक झोपलेला असताना दुसऱ्याची प्रश्नावली चालू असते. पायलटच्या वेळा मी समोर ठेवल्या. सर कॅमेऱ्याबाहेर खुर्चीत बसले होते, ते गालातल्या गालात हसले. दुसरा प्रश्न डेटा कुठे ठेवणार याचा, तिसरा व्हॅस्क्युलर सर्जनच्या पत्राबद्दल. माझा आवाज पहिल्या स्लाइडला कापत होता, नंतर विसरले.

मे महिन्यात मंजुरीचं पत्र आलं. एकतीसचे सत्तावीस लाख झाले होते. लॅपटॉप गेला, प्रवास कापला. प्रवासातली कपात जड होती, म्हणून लांबची दोन उपकेंद्रं एकाच फेरीत येतील अशी गावांची यादी पुन्हा लावली. निवड मात्र चिठ्ठ्यांनीच झालेली, ती बदलली नाही. गावं बदलून किलोमीटर वाचवले असते तर एवढा सँपल साइज काढला कशाला?

पत्र आलं म्हणजे पैसे आले असं नव्हे. बँक खात्याचे तपशील, पीएफएमएसची नोंद, संस्थाप्रमुखांची हमीपत्रं, अटी मान्य असल्याची सही, हे पाठवल्यावर पहिला हप्ता पावसाळ्यात आला. तोवर भरतीची जाहिरात तयार ठेवली होती. मुलाखतीला पुष्कळ आले, दोघी निवडल्या, दोघीही गुजराती घरातल्या, आणि डॉप्लरवर नाडी शोधायला माझ्यापेक्षा लवकर शिकल्या. नेमणूकपत्रात पद प्रकल्पापुरतंच आहे हे स्पष्ट लिहा, कॉलेजचा एचआर तेच सगळ्यात आधी वाचतो.

हिशेबाचं थोडं. दरवर्षी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, द्यायचं, त्याचा सरकारी नमुना जीएफआर १२-ए. पुढचा हप्ता त्यावर आणि वार्षिक अहवालावर अवलंबून. अनुदानावर बँकेत व्याज पडलं तर ते आपलं नसतं, परत करायचं असतं. एका हेडचे पैसे दुसऱ्यात मनाने वळवायचे नाहीत, आधी लेखी परवानगी. आमचे भाई दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हेडनिहाय शिल्लक एका कागदावर काढून माझ्या टेबलावर ठेवतात, त्यामुळे मार्चमध्ये धावपळ होणार नाही अशी आशा आहे.

डॉप्लर आला आहे, अंगठ्याचा सेन्सर पुढच्या आठवड्यात येतोय, सीटीआरआयचा नंबर मिळाला. पादऱ्यातलं पहिलं शिबिर नवरात्र आटोपल्यावर, सोमवारी ठेवलंय. सकाळी सातला गाडी निघेल. दहाच जणांना बोलावलंय.